दहा बाय बाराच्या खोलीतला स्टीरिओ

मुंबईच्या दक्षिणेला खाडी ओलांडली की रेवस-मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत रायगडचा किनारा पसरलेला आहे. या किनाऱ्यावरच्या एखाद्या शिक्षकाच्या घरी गाणे ऐकण्यासाठी दोन स्पीकर आणि एक रिसीव्हर घ्यायचे ठरले, तर पहिला प्रश्न हमखास येतो : किती वॅटचा घ्यावा? प्रश्न चुकीचा नाही, पण तो खरे तर शेवटी विचारायचा आहे. त्याच्या आधी पेटी केवढी, खोली केवढी आणि आपल्याला ऐकायचे काय, हे तीन प्रश्न सोडवावे लागतात. ते कसे सुटत गेले, हे पाहायचे तर लाऊडस्पीकरचा शंभर वर्षांचा इतिहास थोडा चाळला पाहिजे. त्यातली दोन-चार पाने याच किनाऱ्यावरची आहेत.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते. प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट आणि भरवशाचा पल्ला ४८ किलोमीटर. नकाशावर कंपास ठेवून मुंबईभोवती या त्रिज्येचे वर्तुळ काढून पाहा (भूगोलाच्या तासाला हा चांगला उद्योग आहे). ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या अलिबागला पोटात घेते आणि रेवदंड्याच्या आसपास संपते. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन बाहेर राहतात. मात्र हा पल्ला सर्वसाधारण जमिनीसाठी सांगितलेला आहे. मध्यम लहरी जमिनीलगत सरकत जातात आणि वाटेत जमीन त्यांची ऊर्जा शोषून घेते. समुद्राचे खारे पाणी मात्र विजेचे फार चांगले वाहक, कोरड्या जमिनीच्या हजारो पटींनी चांगले. त्यामुळे पाण्यावरून येणारी लहर कमी क्षीण होते. घाटावरच्या गावापेक्षा किनाऱ्यावरच्या गावाला मुंबई जवळची वाटते, त्याला लाँचइतकेच हेही कारण आहे.

रेडिओ ठेवायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. साऱ्या देशात परवाने आठ हजारांच्या आतच राहिले, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनी बंद पडली. महिन्याभरात सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्या काळातला सर्वात स्वस्त रिसीव्हर म्हणजे स्फटिकाचा. त्याला बॅटरी लागत नसे. हवेतून आलेल्या लहरीच्या ऊर्जेवरच तो चाले. पण ती ऊर्जा एवढीशी, की कानाला लावायच्या श्रवणीपुरतीच. म्हणजे घरातल्या एकाने ऐकायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे. साऱ्या घराला ऐकू जायचे तर ऊर्जा वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर हवा आणि ती हवेत सोडणारा चांगला लाऊडस्पीकर हवा.

लाऊडस्पीकरचे काळीज म्हणजे चुंबक, आणि चुंबकाच्या बाबतीत अलिबागचे नाव जगभर ठाऊक आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रॅम आणायचे ठरले. ट्रॅमला दिलेला विद्युत्प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरणार, त्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणार आणि वेधशाळेच्या नाजूक सुया थरथरत राहणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतीला लोखंड चालणार नव्हते, म्हणून ती पोरबंदरी दगडात बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाब्याला आणि अलिबागला एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्रॅम धावली. अलिबागची नोंद मात्र अखंड चालू राहिली.

विद्युत्प्रवाहामुळे चुंबकीय बल निर्माण होते, या नियमाने मूस यांना घर बदलायला लावले. त्याच नियमावर लाऊडस्पीकर चालतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आपला प्रसिद्ध शोधनिबंध मांडला. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे हलके वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की शंकू पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. कल्पना त्याहून जुनी होती. एर्न्स्ट सीमेन्स यांनी १८७४ मध्ये, तर ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये असेच वेटोळे सुचवले होते. राइस आणि केलॉग यांनी त्यामागचे गणित पक्के केले. आज आपण विकत घेतो त्या स्पीकरची रचना अजून तीच आहे. विज्ञानयुगात शंभर वर्षे टिकलेली अशी यंत्रे थोडी.

अलिबागला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला, म्हणजे एका टेस्लाचा पंचवीस हजारावा भाग. स्पीकरच्या फटीत ते एक टेस्लाच्या जवळपास असते. एवढा बळकट कायमचा चुंबक सुरुवातीला मिळत नसे, म्हणून जुन्या स्पीकरमध्ये विद्युत्चुंबक बसवत. पुढे अ‍ॅल्युमिनिअम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे अल्निको चुंबक आले. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतातल्या लढाईमुळे कोबाल्ट कमालीचे महागले, आणि स्पीकर बनवणारे फेराइटकडे वळले. फेराइट म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड आणि बेरिअम किंवा स्ट्रॉन्शिअम यांची भाजलेली वडी. वजनाला जड, पण स्वस्त. ते मुळातच ऑक्साइड असल्यामुळे गंजायचे काही उरलेलेच नसते. खाऱ्या हवेच्या गावाला हा चुंबक जणू मागवून घेतल्यासारखा!

आता पेटीकडे वळू. इथे शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. मोडक्या रेडिओतला उघडा स्पीकर तारा न तोडता हातात धरून वाजवा. आवाज किनरा येईल. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरएवढे भोक पाडून त्याच्यावर तो दाबून धरा. क्षणात आवाज भरीव होईल. शंकू पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. खालच्या स्वरांच्या लांब लहरींना पुढून मागे वळायला पुरेसा वेळ मिळतो, आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. पुठ्ठा त्यांची वाट अडवतो. पूर्ण अडवायची तर मागची बाजू पेटीने बंद करायला हवी.

पण बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा रेटून पाहा, दांडा परत उसळतो. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ आणि शंकूला खालच्या स्वरांसाठी लांब हेलकावे घेणे तितके अवघड. म्हणून १९५० च्या सुमाराला खर्जाची हौस असलेल्या श्रीमंत रसिकांच्या घरी कपाटाएवढ्या पेट्या असत. लहान घरात खर्ज यायचा नाही, हा जणू निसर्गनियमच मानला जाई.

हा समज एका शिक्षकाने मोडला. एडगर व्हिलचर हे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर संध्याकाळचे वर्ग घेत. शंकूला जागेवर आणणाऱ्या कापडी आणि कागदी कड्या हीच स्पीकरच्या विकृतीची एक मोठी जागा आहे, असे त्यांच्या लक्षात आले. थोडे ताणले तर त्या प्रमाणात ओढतात, जास्त ताणले तर ते प्रमाण सुटते. हवेची स्प्रिंग मात्र कितीतरी अधिक प्रमाणबद्ध वागते. मग व्हिलचर यांनी उलटेच केले. शंकूच्या कड्या मुद्दाम इतक्या सैल ठेवल्या, की उघड्यावर तो स्पीकर जवळजवळ निरुपयोगी ठरावा. त्याला जागेवर आणायचे काम लहान बंद पेटीतल्या हवेवर सोपवले. शत्रू मानलेली हवेची स्प्रिंगच त्यांनी कामाला लावली. प्रस्थापित कंपन्यांनी या कल्पनेत रस घेतला नाही. त्यांच्या वर्गातला हेन्री क्लॉस हा तरुण मात्र पुढे आला, आणि दोघांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून पहिला स्पीकर विकायला आणला. पन्नास लिटरच्या आसपासची पेटी आणि ४० हर्ट्झच्या जवळपास उतरणारा आवाज! या कल्पनेचे पेटंट पुढे न्यायालयात टिकले नाही, त्यामुळे ती कोणालाही वापरता आली. आमच्या मते लहान घरातल्या ऐकणाऱ्यांचा त्यात फायदाच झाला.

फुकट काहीच मिळत नाही, हेही लगेच दिसले. हा स्पीकर वीज फार खाई. पुढे केएलएच या कंपनीत असलेले अँटन हॉफमन यांनी ही देवघेव नियमात बांधली. अभियंते आजही त्याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. गणिताच्या भाषेत, स्पीकरची कार्यक्षमता पेटीच्या घनफळाच्या समप्रमाणात असते आणि तो ज्या वारंवारितेपर्यंत खाली उतरतो तिच्या घनाच्या समप्रमाणात असते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे सारे गणित सूत्रांत बसवले. तेव्हापासून पेटीची मापे अंदाजाने ठरवायची गरज उरली नाही.

सूत्रातला घन ध्यानात ठेवा, कारण काटकसरीने खरेदी करणाऱ्याची सारी गंमत तिथे आहे. त्यासाठी आपल्याला ऐकायचे काय, हे पाहू. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झची. डग्ग्याचा घुमारा आणि भजनातल्या पखवाजाची धुमाळी याच मुलखात येते. याच्या खाली आपल्या गाण्यात फारसे काही नाही. पाश्चात्त्य चर्चमधला ऑर्गन किंवा सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील तर ४० हर्ट्झ हवेत. आपण ६५ वर थांबलो तर ६५ भागिले ४० याचा घन, म्हणजे तेवढ्याच पेटीत सुमारे सव्वाचार पट कार्यक्षमता मिळते. तीस वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचे काम सात वॅटचा करतो. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घालता येतात.

मग कोणी म्हणेल, वीतभर ट्रान्झिस्टरला तर दीडशे हर्ट्झच्या खालचे काहीच वाजवता येत नसे. तरी त्याच्यावर साऱ्या महाराष्ट्राने अभंग आणि नाट्यगीते ऐकली, ती कशी? याचे उत्तर कानात आहे. टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काही येत नसे, तरी पलीकडे पुरुष बोलतो आहे हे कळे, जरी त्याच्या आवाजाचा मूळ स्वर सव्वाशेच्या आसपास असला. वरचे स्वरांश ऐकू आले की त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू हरवलेला मूळ स्वर भरून काढतो. तंबोऱ्याचे स्वरांश किती समृद्ध असतात, आणि जव्हारीतला सूत त्यांना कसा जागवतो, याचा अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास केला होता. तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे कातड्याच्या बेसूर कंपनांना सुरेल स्वरांशांचे रूप येते, हेही त्यांनीच दाखवले. स्वरांशांनी भरलेले आपले संगीत लहान स्पीकरला त्यामानाने सोसते, असे आम्हाला वाटते. म्हणून लहान घरात खोल खर्जासाठी पैसे मोजण्यापेक्षा १०० ते ५००० हर्ट्झचा मधला पट्टा सरळ आणि स्वच्छ वाजवणारा स्पीकर शोधावा.

स्टीरिओची गोष्ट थोडक्यात. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन याने डिसेंबर १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. ते घराघरांत पोचायला १९५८ उजाडले. त्या वर्षी स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि प्रत्येकाला अचानक एकाऐवजी दोन पेट्या लागू लागल्या. कपाटाएवढ्या दोन पेट्या कोणाच्या घरात मावणार? व्हिलचर यांची लहान पेटी जगभर रुजली, ती यामुळे.

आपल्याकडे हे वारे उशिरा आले. आयातीवर बंधने, जकात जबर. १९७० नंतर म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या भागांतली अनेक माणसे आखाती देशांत नोकरीला गेली, आणि सुट्टीवर येताना त्यांच्याबरोबर टू-इन-वन आले. त्यावर स्टीरिओ असे लिहिलेले असे. पण दोन स्पीकरांमध्ये चाळीस सेंटिमीटरचे अंतर आणि ऐकणारा दोन मीटरवर बसलेला, म्हणजे दोघांमधला कोन जेमतेम अकरा अंशांचा. स्टीरिओचा खरा परिणाम साठ अंशांच्या आसपास, म्हणजे ऐकणारा आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण झाला की येतो. तरीही त्या यंत्राने कितीतरी घरांत पहिल्यांदा ध्वनिफीत वाजवली, म्हणून त्याला नावे ठेवायला आमची जीभ धजत नाही.

दुसरी वाट रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून लॅमिंग्टन रोडवर जाई. तिथे सुटे भाग मिळत. सान्यो कंपनीचा ४४४० हा आयसी भारतातल्या हौशी जोडणीकारांचा लाडका होता. मुळात तो मोटारीतल्या बाराच्या बॅटरीसाठी केलेला. दोन वाहिन्यांना प्रत्येकी सहा वॅट, किंवा दोन्ही वाहिन्या एकत्र जोडल्या तर सुमारे १९ वॅट, एवढी त्याची खरी ताकद. पण हाच आयसी पत्र्याच्या सुबक डब्यात बसला की डब्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले असे. या चार अक्षरांना कोणत्याही प्रमाणसंस्थेची व्याख्या नाही. क्षणभराचा कमाल झटका, त्याला वाटेल त्या संख्येने गुणायचे. दहावीच्या विद्यार्थ्याने या डब्याची परीक्षा सहज घ्यावी. आतला ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा असेल तर आत येणारी शक्तीच २४ वॅट. त्यातली बरीच आयसीच्या पंख्यांवर उष्णता होऊन जाणार. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम छापखान्यात बदलता येत नाही.

आणि लागते किती? माहितीपत्रकावर स्पीकरची संवेदनक्षमता दिलेली असते. एका वॅटला एका मीटरवर ८६ डेसिबेल हा लहान पेटीचा नेहमीचा आकडा. (असा स्पीकर विजेपैकी पाव टक्काच ध्वनीत रूपांतरित करतो, बाकीची उष्णता. मोठे अजब यंत्र आहे.) दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही स्पीकरांना एकेक वॅट दिला तर बसल्या जागी ८० डेसिबेलच्या पुढे आवाज पोचतो. माणसांचे बोलणे ६० च्या आसपास असते. तबल्याच्या थापेसाठी क्षणिक दहा-वीस पटीचा वाव ठेवला तरी प्रत्येकी वीस ते तीस खरे वॅट भरपूर झाले. शंभर वॅटचा रिसीव्हर घेतला तर पाचपट मोठे ऐकू येईल असेही नाही. शक्ती दुप्पट केली की तीनच डेसिबेल वाढतात, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. म्हणून निम्म्याहून अधिक पैसा स्पीकरवर घालावा, उरलेला रिसीव्हरवर.

खोलीचा विचार मात्र किनाऱ्यावर वेगळा करावा लागतो. जुन्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि वर कौले. कौलांच्या फटींतून खालचे स्वर निसटतात, त्यामुळे आवाज थोडा हलका लागतो पण घुमत नाही. आता गावोगाव स्लॅबची घरे झाली आहेत. स्लॅबच्या खोलीत बारा फूट लांबीवर ४७-४८ हर्ट्झला आणि दहा फूट रुंदीवर ५७ हर्ट्झला लहरी उभ्या राहतात. खोली चौरस असली तर दोन्ही एकाच जागी येतात आणि एकच स्वर ढोलासारखा ठणकतो. चौरस खोली टाळावी. टाळता येत नसेल तर स्पीकर कोपऱ्यातून हातभर बाहेर घ्यावेत आणि पुस्तकांचे उघडे फडताळ, गाद्या, जाड पडदे आवाजाच्या वाटेवर येऊ द्यावेत. याला खर्च शून्य, आणि फरक शंभर वॅटपेक्षा मोठा.

खाऱ्या दमटपणाने फेराइट गंजत नाही, पण बाकी सारे बिघडते. शंकूच्या कडेला फोमची कडी असेल तर ती काही वर्षांत भुगा होते. दुकानात रबरी कडी आहे का, हे बोट लावून पाहावे. भुशाच्या दाबीव फळीची पेटी पावसाळ्यात फुगते, तिची मागची बाजूही रंगवलेली हवी. तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो, म्हणून वर्षातून एकदा टोके घासावीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. बाराच्या बॅटरीवर चालणारा लहान रिसीव्हर अशा वेळी घरात असावा, असे आम्हाला तेव्हापासून वाटत आले आहे.

राहता राहिला रेडिओ. आता गाणी बहुतेक मोबाइलवरून येतात, त्यामुळे रिसीव्हर घेताना त्यातल्या रेडिओकडे कोणी पाहत नाही. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोरा १५० मीटर उंच आणि आपली तार घराच्या छपरावर सहा मीटरवर धरली, तर पल्ला साठ किलोमीटरच्या आसपास येतो. अलिबागला मुंबई सहज लागते. मुरूड सदुसष्ट किलोमीटरवर, शिवाय मध्ये फणसाडचे डोंगर. तिथे येणारा संदेश दुबळा, आणि दुबळ्या संदेशात स्टीरिओ फार खरखरतो. तोच कार्यक्रम मोनोवर टाकला की खरखर वीस डेसिबेलनी उतरते. १९२७ च्या वर्तुळाबाहेर राहणाऱ्याने रिसीव्हर घेताना मोनोचे बटण आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.